राधाबाईंचे मुक्काम आणि आमचा वाळवंटाचा नकाशा

आजचा विषय आमच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावरून उचललेला आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. गेला महिनाभर त्या टेबलावर राजस्थानचा नकाशा पसरलेला आहे आणि ताटं बाजूला सरकवून जेवावं लागतं. इथून, म्हणजे नावड्याहून, मोटारीने जैसलमेरला जायचं, थरच्या वाळवंटातलं राष्ट्रीय उद्यान बघायचं आणि परत यायचं, असा बेत चालला आहे. गाडीत सहा माणसं. बारा वर्षांची नात, मुलगा, सूनबाई, आम्ही उभयता आणि आमची थोरली बहीण आक्का, वय वर्षं ८१.

आता यात इतिहास कुठे आला? तर असा, की हा बेत आखता आखता आम्हाला एक जुनी यात्रा आठवली आणि ती वाचताना आपण काय चुकवतो आहोत हे कळलं. म्हणून आधी आमची चूक सांगतो. आक्काची परवानगी घेतलेली आहे.

तीन वर्षांपूर्वी आम्ही सगळे असेच कच्छला निघालो होतो. पहाटे चारला नावडे फाट्यावरून गाडी काढली. मुंब्रा, घोडबंदर, वसई, आणि पुढे सरळ अहमदाबादचा रस्ता. मुलाचा हिशोब पक्का होता. सरासरी वेग अमुक, थांबे तीन, रात्री दहाला मुक्कामी. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला बेरीज चुकलेली दिसत नसेल तर तो गप्प बसतो, तसे आम्ही गप्प बसलो. रात्री साडेअकराला हॉटेलच्या पायरीवर आक्का घेरी येऊन खाली बसली. डॉक्टर आले, सलाइन लागलं, दोन दिवस खोलीत गेले. नंतर कळलं की तिने वापीपासून पाण्याचा घोटच घेतला नव्हता. का? तर पाणी प्यायलं की गाडी थांबवायला सांगावं लागतं. म्हणाली, "अरे, सारखं सारखं काय म्हणून थांबवायचं? तुम्ही किती घाईत होतात."

या सभागृहात साठीच्या पुढच्या बायका पुष्कळ आहेत. त्यांतल्या किती जणींनी आत्ता मान हलवली ते आम्हाला इथून दिसलं.

बरं. आता २९० वर्षं मागे जाऊ.

बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई. माहेरच्या बर्वे, कोकणातल्या. बाळाजी विश्वनाथांच्या पत्नी. बाळाजीपंत १७२० साली वारले, थोरला मुलगा विसाव्या वर्षी पेशवा झाला, धाकटे चिमाजीआप्पा हाताशी आले. पुढची १५ वर्षं या बाईंनी एक मोठं, वाढतं, सतत कर्जात असलेलं घर पाहिलं. आणि १७३५ च्या फेब्रुवारीत त्या पुण्याहून उत्तरेच्या यात्रेला निघाल्या. बरोबर लेक भिऊबाई आणि जावई आबाजी नाईक जोशी, म्हणजे बारामतीकर नाईकांच्या घराण्यातले. मजल दरमजल करत मार्चमध्ये बुऱ्हाणपूर, मग नर्मदा ओलांडून माळवा, मे महिन्यात उदयपूर, पुढे नाथद्वारा, जूनमध्ये जयपूर. तिथून मथुरा, वृंदावन, कुरुक्षेत्र, प्रयाग. ऑक्टोबरात काशी. मग गया. पुण्याला परत १७३६ च्या जूनमध्ये. एकूण सुमारे साडेपंधरा महिने.

या यात्रेसंबंधीची पत्रं पेशवे दप्तरात आहेत. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्या दप्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले, ते १९३० च्या पुढच्या चार-पाच वर्षांत. इतिहासाच्या पुस्तकांत या यात्रेला सहसा एक परिच्छेद मिळतो, आणि तो परिच्छेद राजकारणाचा असतो. ते राजकारण खरंच आहे. मराठे माळव्यात शिरलेले, रजपूत राजे धास्तावलेले. अशा वेळी पेशव्याची आई त्यांच्या मुलखातून जाते आणि उदयपूर, जयपूरचे राजे तिचं आदरातिथ्य करतात. १७२९ साली जैतपूरला बाजीरावाने ज्याला कोंडीत पकडलं होतं, तो महंमदखान बंगशसुद्धा तिला सन्मानाने वाट देतो. पुढे १७३६ च्या आरंभी बाजीराव स्वतः राजपुतान्यात जातात, महाराणा जगतसिंहांना भेटतात, सवाई जयसिंहांना भेटतात. आईने वाट तयार केली आणि मुलगा त्या वाटेने गेला, असं म्हणायला जागा आहे.

पण आमचं लक्ष दुसरीकडे गेलं. आम्ही नकाशा काढला आणि दिवस मोजले. पुणे ते उदयपूर, बुऱ्हाणपूरवरून घेतलं तर आजच्या रस्त्याने हजार किलोमीटरच्या आसपास भरतं. त्यांना लागले अदमासे ८० दिवस. म्हणजे दिवसाला सरासरी १२-१३ किलोमीटर. रोज चालले असतील तेव्हा याहून जास्त चालले असतील, मधे मुक्काम झाले असतील. आणि हे घर कोणाचं? घोड्यावरून दिवसाला ६०-७० किलोमीटर दौड मारण्यासाठी जो सेनापती सगळ्या हिंदुस्थानात ओळखला जात होता त्याचं. वेग काय असतो हे या घराला कोणी शिकवायला नको होतं. तरी आईच्या यात्रेत तो वेग कोणी आणला नाही. मोहिमेचा हिशोब वेगळा आणि यात्रेचा वेगळा, हे त्यांना माहीत होतं. आम्ही मात्र कच्छला मोहीम काढली होती आणि तिला सहल म्हणत होतो.

आपली भाषा बघा. मजल म्हणजे एका दिवसात चालायचं अंतर. मुक्काम म्हणजे जिथे मजल संपते ती जागा. मजलीचं माप कोसांत सांगता येतं, पण ती ठरते कशावरून? पुढचं पाणी कुठे आहे आणि बरोबरचं सगळ्यांत मंद माणूस किंवा जनावर तिथवर पोचेल का, यावरून. पालखीचे भोई दमले की मजल संपली. बैल बसला की मजल संपली. आज हा शब्द आपण फक्त 'मजल मारली' म्हणताना वापरतो, शाबासकी द्यायला. त्यातलं थांबणं निघून गेलं.

पावसाळ्याची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. जूनमध्ये राधाबाई जयपूरला पोचल्या त्या सप्टेंबरपर्यंत तिथेच राहिल्या. चातुर्मास. नद्यांना पूर, रस्त्यात चिखल, तेव्हा हलायचं नाही. आमचा तर्क असा आहे की सगळा बेत या एका मुक्कामाभोवती उलटा बांधला गेला असणार. पावसाच्या आत नर्मदा मागे टाकायची म्हणजे फेब्रुवारीत निघायचं, मग उन्हाळा राजपुतान्यात सोसावा लागला तरी चालेल. मे महिन्यातलं उदयपूर हे कोणी हौसेने निवडणार नाही. पण पुराच्या नदीकाठी अडकण्यापेक्षा ऊन बरं. कुठे थांबायचं हे आधी ठरलं आणि कधी निघायचं हे त्यावरून निघालं. आपण बरोबर उलट करतो. शाळेची सुटी कधी, ऑफिसची रजा किती, यावरून निघण्याची तारीख ठरते आणि थांबे उरलेल्या वेळात कोंबले जातात.

जाता जाता एक गंमत. राधाबाई गेल्या तेव्हा जयपूर हे शहर अवघं आठ वर्षांचं होतं. १७२७ साली जयसिंहांनी ते आखून वसवलं. सरळ रस्ते, मोजलेले चौक, ठरवून दिलेल्या पेठा. म्हणजे त्या काळची सिडको म्हणा! आखलेल्या नोडात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या शहराबद्दल थोडी आपुलकी वाटायला हरकत नाही. असो.

आता कोणी म्हणेल, प्रोफेसर, पेशव्याच्या आईचं काय घेऊन बसलात? तिच्या दिमतीला फौज, तंबू, आचारी, पाणके. बरोबर आहे. आणि आम्ही त्यात भर घालतो. पालखीत बसलेल्या बाईंच्या सोयीने मजल ठरली हे खरं, पण पालखी खांद्यावर घेणाऱ्याला उन्हाळा चालेल का हे कोणी विचारलं नव्हतं. त्या यात्रेचं गोडवं गात बसायचं नाही. म्हणून शेजारचं, गरीब माणसाचं एक उदाहरण घेऊ.

इथून तासा-दीड तासाच्या अंतरावर, पेण तालुक्यात वरसई नावाचं गाव आहे. तिथले विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज होतं. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, तिथे दक्षिणा मिळेल असं कळलं, म्हणून १८५७ साली ते काका रामभटांना बरोबर घेऊन निघाले. घरच्यांची संमती मिळवायलाच वेळ लागला. पुढे वाटेत बंड उभं राहिलं, ते झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले, आणि त्यातून 'माझा प्रवास' हे मराठीतलं एक अद्भुत पुस्तक जन्माला आलं. ते छापलं गेलं १९०७ मध्ये. ते सगळं तुम्ही वाचलेलं असेल. आम्हाला आज त्यातला फक्त शेवट हवा आहे. हा माणूस जवळचं सगळं गमावून परत येतो, पण खांद्यावर गंगेची कावड घेऊन येतो, आणि घरी आई-वडिलांना त्या पाण्याने स्नान घालतो. म्हाताऱ्यांना तिथवर नेणं शक्य नाही, तर तिथलं काही इथवर आणायचं. शेकडो कोस चालत. राधाबाईंच्या यात्रेत आणि या कावडीत पैशाचं अंतर केवढं तरी आहे, पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. प्रवास तरुणांच्या पायांनी झाला, त्याचं प्रयोजन मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांशी बांधलेलं राहिलं.

प्रयोजन हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला, आता आमच्या मूळ धंद्याकडे येतो. न्यायदर्शनात १६ पदार्थ मोजले आहेत. प्रमाण, प्रमेय, मग तिसरा संशय आणि चौथा प्रयोजन. वर्गात शिकवताना मुलं विचारायची, प्रयोजनाला एवढा मान कशाला? आम्ही सांगायचो की ज्याच्यासाठी माणूस हलतो ते प्रयोजन, ते कळल्याशिवाय त्याच्या हालचालीबद्दल काही बोलता येत नाही. हे आम्ही ३० वर्षं शिकवलं. आणि कच्छच्या सहलीचं प्रयोजन काय होतं, असं कोणी विचारलं असतं तर? मुलाला गाडी चालवायची होती, सूनबाईंना पांढरं रण बघायचं होतं, नातीला उंट, आम्हाला धोलावीरा. आक्काला? आक्काला आम्ही नेत होतो. ती प्रवासी नव्हतीच, आमच्या सामानातली सगळ्यांत जपायची वस्तू होती. राधाबाईंना कोणी 'नेलं' नव्हतं. यात्रेचा संकल्प त्यांचा होता, बाकीचे बरोबर होते.

यात्रा दुसऱ्याच कामाला जोडली की काय होतं याचंही एक उदाहरण मराठी माणसाला कोणी वेगळं सांगायला नको. १७६० साली भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर, संरक्षण मिळतंय म्हणून, हजारो यात्रेकरू उत्तरेला गेले. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर काय झालं ते आपल्याला माहीत आहे. त्यावर अधिक बोलत नाही.

तर या वेळी नकाशा उघडण्याआधी आम्ही आक्कासमोर बसलो आणि विचारलं, तुला कुठे जायचंय? आधी तिने अपेक्षेप्रमाणे सांगितलं, "तुम्ही न्याल तिकडे." आम्ही उठलो नाही. मग थोड्या वेळाने म्हणाली, "माळढोक दिसेल का रे कुठे?"

आमचं मूळ गाव सोलापूरकडचं. आक्का आणि आमचे मेहुणे दोघंही सोलापूरला शिक्षक होते. उत्तर सोलापुरात नान्नजला माळढोकाचं अभयारण्य झालं १९७९ मध्ये. मेहुण्यांना पक्ष्यांचा नाद. रविवारी पहाटे स्कूटरवरून दोघं नान्नजच्या माळावर जायची, डबा घेऊन. माळढोक म्हणजे हातभर उंचीचा पक्षी नव्हे, चांगला कमरेएवढा, जड अंगाचा, गवतातून एखाद्या ठाणेदारासारखा चालणारा. आक्काने तो पुष्कळदा पाहिला. मेहुणे गेले त्याला आता १४ वर्षं झाली. आणि नान्नजला आज माळढोक दिसणं जवळजवळ संपलं आहे. गवताळ माळाला आपण सरकारी भाषेत पडीक जमीन म्हणतो, तेव्हा ती कोणाच्या तरी राहण्याची जागा आहे हे डोक्यात येत नाही. शेती आली, रस्ते आले, विजेच्या तारा आल्या. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, जड असल्यामुळे उडताना पटकन वळता येत नाही, आणि तो तारांवर आपटून मरतो. राजस्थानातही तेच. २०१९ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. देशभरात रानात उरलेले माळढोक साधारण दीडशेच्या घरात असतील असा अंदाज सांगितला जातो, आणि त्यांतले बहुतेक जैसलमेर भागात आहेत.

म्हणजे आक्काला जे बघायचंय ते थरच्या त्या उद्यानातच बघायला मिळालं तर मिळेल. हे उद्यान १९८० च्या सुमाराचं. जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत मिळून ३,१६२ चौरस किलोमीटर. नाव राष्ट्रीय उद्यान, पण कायद्याच्या कागदावर ते अभयारण्य, कारण आत माणसांची गावं आहेत, त्यांची गुरं आहेत. वाळूच्या टेकड्या त्यात थोड्याच. बाकी बहुतेक गवत, खडक, झुडुपं. टीव्हीवरचं वाळवंट डोक्यात ठेवून गेलेला माणूस तिथे निराश होतो. आक्का होणार नाही. तिला माळच बघायचा आहे.

एकदा हे कळलं आणि बेत आपोआप बदलायला लागला. निघायचं संक्रांतीनंतर. रात्री थंडी असेल, पारा सात-आठवर येईल, पण दिवसा ऊन सोसवेल. जैसलमेर इथून अदमासे अकराशे किलोमीटर, त्याला पाच दिवस. सुरत, अहमदाबाद, पालनपूर, बाडमेर, जैसलमेर. पहिल्या दोन मजला पावणेतीनशे किलोमीटरच्या, त्या रस्ता चांगला म्हणून. पुढच्या सगळ्या त्याहून लहान. दुपारी दोनला गाडी उभी. माळढोक बघायला पहाट हवी, म्हणून जैसलमेरला चार रात्री, कारण एका पहाटेत दिसेल असा भरवसा नाही. चारही पहाटे दिसणार नाही हेही शक्य आहे, ते आक्काला सांगितलं आहे. म्हणाली, "नान्नजला तरी रोज कुठे दिसायचा?" आणि थांबे सगळे नातीच्या ताब्यात. दर तासाला गाडी थांबेल, कोणाला गरज असो वा नसो. कोणी 'थांबव' म्हणायचं नाही, म्हणजे कोणाला लाजही वाटायची नाही. ही युक्ती नातीची, आमची नाही.

मुलाने विचारलं, विमानाने जोधपूर का नको? रास्त प्रश्न आहे, आणि पाठीचं दुखणं असलेल्या कोणालाही आम्ही विमानच सुचवू. आक्काला रस्ता हवा आहे. हिरवं कुठे संपतं आणि माळ कुठे सुरू होतो ते तिला खिडकीतून बघायचंय.

आता आमची स्वतःची अडचण. नकाशावर जोधपूरच्या ईशान्येला नागौर आहे. १७५५ साली शिंद्यांची फौज त्या किल्ल्याला वेढा घालून बसली होती. सेनापती जयाप्पा शिंदे. त्यांचा भाऊ दत्ताजी, त्यांचा मुलगा जनकोजी, म्हणजे एका घरातल्या दोन पिढ्या त्या रेताडात. बोलणी करायला म्हणून आलेल्या राठोडांकडच्या माणसांनी जयाप्पांचा छावणीत खून केला. सहा वर्षांच्या आत दत्ताजी बुराडी घाटावर आणि जनकोजी पानिपतानंतर, दोघंही गेले. जयाप्पांची छत्री नागौरजवळ आहे. मराठी माणसाची वाळवंटाशी पहिली ओळख सहलीची नाही, ही अशी आहे. आम्हाला ती छत्री फार वर्षांपासून बघायची आहे. पण त्यासाठी जोधपूरवरून जाऊन-येऊन पावणेतीनशे किलोमीटर वाढतात, त्यावर बाडमेरचा रस्ता सोडून जोधपूरला वळायचं, म्हणजे दोन दिवस. ते दोन दिवस कुठून येणार? जैसलमेरच्या चार पहाटेंतून.

गेल्या रविवारी आम्ही पेन्सिलीने नागौरवर काट मारली. सोपं गेलं नाही. पुढच्या खेपेला जाऊ असं ७४ व्या वर्षी म्हणताना माणूस जरा अडखळतो.

आक्काला हे मान्य नाही. तिचं म्हणणं, दोन पहाटे पुरेत, तू तुझं नागौर बघ, माझ्यासाठी कोणी काही सोडलेलं मला चालणार नाही. आमचं म्हणणं, तू पुन्हा पाणी न पिण्याचाच प्रकार करते आहेस, फक्त या वेळी दोन पहाटेंचा. यावर ती रागावली आणि दोन दिवस बोलली नाही. सूनबाईंनी नकाशा अजून टेबलावरून उचललेला नाही, पेन्सिलही तिथेच ठेवली आहे. आता चर्चेला वेळ आहे, तेव्हा तिचीही बाजू ऐकून घ्या. ती तिसऱ्या रांगेत, खिडकीकडे बसली आहे.